वाढप्याची पंगत

आमच्या घरमालकांना साध्या झोपाळ्यावर बसवलं तरी गरगरायचं. असा माणूस दर दिवाळीच्या सुटीत सगळं कुटुंब घेऊन सुरतेच्या पलीकडच्या थीम पार्कला जायचा आणि तिथल्या एकाही पाळण्यात पाऊल न ठेवता परत यायचा. मग जाता तरी कशाला, असं कोणी विचारलंच तर एका शब्दात उत्तर मिळायचं, "जेवाले."

सगळं शहादं त्यांना नाना म्हणायचं आणि नानांचं हे वेड सगळ्या शहाद्याला ठाऊक होतं. सुटी संपली की बाजारपेठेतले दुकानदार त्यांना हाक मारायचे, "नाना, औंदा काय खाई उनात?" मग नाना दुकानाच्या पायरीवर बैठक मारायचे आणि सूपपासून सुरुवात करायचे. बडीशेपेपर्यंत पोचेतो गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलेलं असायचं. मधेच कोणी आगाऊपणानं पाळण्यांची चौकशी केली, तर कीर्तनात कोणी बसचं वेळापत्रक विचारावं तसे ते त्याच्याकडे बघायचे.

मी नगरकडची. नवऱ्याची बदली शहाद्याला झाली आणि घर शोधत आम्ही नानांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी घर दाखवलंच नाही. "घर कोठे पळी जाई? पहिले जेवी ल्या," असं म्हणून पाट मांडायला लावले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, वरण आणि असा ठेचा, की नुसत्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाना स्वतः जेवत नव्हते. समोर स्टुलावर बसून आम्ही कसे जेवतो ते निरखत होते. नवऱ्यानं भाकरी वरणात चुरली. माझी लेक तेव्हा लहान होती, तिनं ठेच्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि सरळ साखर मागितली. झालं, घर गेलं हातचं, असं मला वाटलं. हात धुतल्यावर नाना म्हणाले, "मिस्टर भाकर चुरीसन खातस. पोरगी तोंडवर मांगस, मनमा ठेवत नही. घर दिधं."

घर चांगलं होतं, पण स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणावर उघडायची आणि नाना दिवसभर अंगणात. मी खाली उतरले की चौकशी ठरलेली. "ताई, आज मेथी का?" "ताई, फोडणी जरा पुढे गयी का?" मला संताप यायचा. माझी फोडणी करपो नाहीतर पेटो, यांना काय त्याचं? मी नवऱ्याला दुसरं घर बघायला सांगितलंही होतं. मग एकदा मला तापानं घेरलं. नवरा दौऱ्यावर, मी आणि लेक अंथरुणात. उन्हं वर आली तेव्हा नानांची बायको, जिला आम्ही माई म्हणायचो, खिचडीचं पातेलं घेऊन जिना चढून आली. "तुमना नाना म्हनतस, वरतून आज काहीच वास नही उना. देखी ये," माई म्हणाली. त्यानंतर मी खिडकीला पडदा लावायचा विचार सोडून दिला.

पंगतीविषयी नानांचे नियम होते आणि ते घरात, लग्नात, हॉटेलात सगळीकडे सारखेच. एक म्हणजे सगळ्यांनी एका ओळीत बसायचं. हॉटेलात टेबलं जोडून घ्यायची, भले मॅनेजर डोक्याला हात लावो. दुसरं, ओळीतला शेवटचा घास संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा. वाढणाऱ्याला विचारायचं, "तू जेवना का?"

पार्कात समुद्री चाच्यांच्या जहाजासारखं एक उपाहारगृह आहे. एका वर्षी आम्हीही बरोबर होतो, तेव्हा तिथला वेटर एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून आला. नानांनी आधी हळहळून त्याच्या डोळ्याला काय झालं ते विचारलं आणि मग तो जेवला का ते विचारलं. तो आपला पाठ केलेलं चाच्याचं भाषण सुरू करणार होता. ते बाजूला राहिलं आणि तो "नाही साहेब, तीननंतर जेवतो" असं गुपचूप सांगून मोकळा झाला. नानांना फार वाईट वाटलं. "पहिली पंगत कोनी बी जेवाडस," ते आम्हाला म्हणाले, "शेवटली जेवाडस तो यजमान."

हे नुसतं बोलणं नव्हतं, त्यामागे एक जुनी जखम होती. ती मला माईनं सांगितली, एका दुपारी उडदाचे पापड लाटताना.

नानांना एक थोरला भाऊ. त्यांना सगळे जिभाऊ म्हणत. ते प्रकाशाला, तापीकाठच्या घरी राहायचे, शेतीही तिकडेच. जिभाऊंच्या मुलीच्या लग्नात नाना वाढप्यांचे पुढारी होते. इकडच्या रिवाजाप्रमाणे वाढायला भाऊबंदच उभे राहतात. गाव जेवून उठलं की यजमानानं स्वतः येऊन वाढप्यांना बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि आपल्या हातानं वाढायचं. त्या दिवशी नाना सकाळपासून वरणाची आणि कणकेच्या बट्ट्यांची घमेली उचलत होते. गाव जेवलं, वऱ्हाड जेवलं. वाढपी हात धुऊन मांडवाच्या कडेला थांबले. जिभाऊ आलेच नाहीत. ते व्याह्यांना निरोप देण्यात गुंतले होते आणि विसरले. बट्ट्या तोवर संपल्या होत्या. नानांनी बाकीच्यांना उरलेला वरण-भात वाढला आणि स्वतः उपाशी राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना तापीत उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि घाटावर उभ्या जिभाऊंना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपाईन तुन्हा घरनं अन्न नही खावाव, पानी बी नही पेवाव." जिभाऊ एवढंच बोलले, "मी बी." आणि दोघं आपापल्या घरी गेले. कोणी कोणाला अडवलं नाही, कारण शपथ नदीच्या पाण्यावर घेतलेली होती.

"मंग दोनीस्ले पस्तावा उना," माई म्हणाली. "पन तापीमायनी शपथ कशी मोडानी?"

माझ्यासारखीनं हात टेकले असते. नानांनी मात्र ही शपथ चारही बाजूंनी फिरून, एखादं घर विकत घ्यायचं असावं तशी तपासली. एकमेकांच्या घरचं अन्न नको, बरोबर. पण तिसऱ्याच्या घरचं? मग शहाद्याच्या हॉटेलात एका टेबलावर बसायला काय हरकत? जिभाऊंनी नातवाकरवी निरोप पाठवला, त्या हॉटेलातले गहू आपल्याच शेतातले नाहीत कशावरून? नाना म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. म्हणजे तापीखोऱ्याच्या बाहेरचं अन्न हवं. आणि बिल कोणी द्यायचं? देईल तो यजमान झाला, म्हणजे पुन्हा शपथ आडवी. नाना अशा पेचात होते. दोन्हीकडची नातवंडं एका शाळेत, एका वर्गात होती. त्यांनी एकदम हट्ट धरला, की थीम पार्कला जायचं. नानांनी चौकशी केली, तर कळलं की पार्कच्या तिकिटातच जेवण येतं. आपापलं तिकीट, आपापलं जेवण. यजमान कोणीच नाही आणि पाहुणा कोणीच नाही. शिवाय पार्क गुजरातेत, सुरतेच्याही पलीकडे, तिथे आपल्या शेतातले गहू पोचायची भीती नाही.

दोन म्हाताऱ्यांना भावाबरोबर जेवायला जायचं होतं आणि नाव झालं नातवंडांचं. हे असं सुरू झालं होतं.

आमच्या कुटुंबाला नाना मुद्दाम बरोबर घ्यायचे. मी म्हणायची, तुमच्या घरच्या सहलीत आमचं काय काम? तर म्हणाले, "परकं मानूस पंगतमा ऱ्हायनं म्हंजे घरना लोके नीट वागतस." म्हणजे आम्ही तिकीट काढून शिस्त लावायला जाणारी माणसं. पण जायचो आनंदानं. नंदुरबारहून रेल्वेनं, कारण गाडी सरकारची, तिच्यात कोणी कोणाचा मिंधा नाही. दोन्ही कुटुंबं एका डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर, दशम्यांचे डबे मात्र वेगवेगळे. खांडबाऱ्याला बायका टोपल्यांत सीताफळं घेऊन यायच्या. नाना त्यांची घ्यायचे, जिभाऊ त्यांची. दोघंही सारख्याच तन्मयतेनं खायचे आणि बिया खिडकीतून फेकताना एकमेकांकडे बघायचे नाहीत.

पार्कात पोचलं की पोरं पाळण्यांकडे पळायची आणि नाना उपाहारगृहांकडे. आधी हात धुवायची जागा बघून यायची, मग खोली, मग टेबलं. गुहेसारख्या एका हॉटेलात मिणमिणता उजेड होता. नानांनी मॅनेजरला समजावलं, की ताट दिसत नसेल तर जेवणाऱ्याला चव कशी लागणार, आणि त्यानं खरंच एक दिवा आणून ठेवला. तडतडत धूर सोडणारा सिझलर आला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बायका मागे सरकल्या. नाना पुढे सरकले. "हाई खरं. तवावरतून नीट ताटमा," म्हणाले आणि त्यांनी तो असा खाल्ला, की वेटरनं आपण होऊन दुसरा आणला. पास्त्याला ते शेवया म्हणायचे, पण टिंगलीनं नव्हे, आपलं माणूस भेटल्यावर म्हणावं तसं. खाण्यात त्यांना आपलं आणि परकं नव्हतं. भरीत खाणाऱ्या या माणसाची जीभ इतकी मोकळी कशी, याचं मला नवल वाटायचं आणि माझं लेकरू असं मोकळं व्हावं असंही वाटायचं.

या पंगतीत दोघं भाऊ शेजारी बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. शपथ अन्नाची होती. बोलणं आपोआप आटलं होतं. जिभाऊ छताकडे बघून म्हणायचे, "मीठ बराबर शे." नाना वेटरला सांगायचे, "ह्या म्हनतस मीठ बराबर शे." वेटर बिचारा "थँक्यू सर" म्हणायचा. हाच दोघा भावांचा वर्षभराचा संवाद, आणि तेवढ्यासाठी नाना वर्षभर वाट बघायचे. सहलीहून आले की आठवडाभर अंगणात गुणगुणायचे.

मी शेवटची ज्या सहलीला गेले ती वेगळी झाली. जिभाऊंचा गुडघा गेला होता. गाडीत चढताना त्यांना दोघा पोरांनी धरून चढवलं. नंदुरबार सुटल्यावर जिभाऊ नातवाला म्हणाले, "औंदा शेवटलं. पुढला साल मन्हा गुडघा नही म्हनी." पोरगा हसला, आम्हीही हसलो. नाना हसले नाहीत. खांडबाऱ्याला टोपल्या खिडकीशी आल्या, बायकांनी हाका मारल्या, तरी ते उठले नाहीत. आता पुढच्या वर्षापासून भावाशेजारी कुठे बसायचं, हा एकच प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसत होता. माईनं माझ्याकडे बघून मान हलवली.

पार्कात त्या वर्षी दरबार नावाचं नवं उपाहारगृह उघडलं होतं. दारात तुतारी, भिंतीवर ढाली, वेटरांना फेटे. नानांनी आधीच फोन करून एक लांब टेबल अडवलं होतं. आम्ही ओळीनं बसलो. तुतारी वाजली आणि चार फेटेवाल्यांनी बैलगाडीच्या चाकाएवढा एक पितळी थाळ आणून आमच्यामधे ठेवला. त्यात भात, भाज्या, तुपात बुडवलेल्या बाट्या आणि हंडाभर वरण. "ही ते आपली बट्टी," नाना खुशीत म्हणाले. फेटेवाल्यानं कमरेत वाकून सांगितलं, की इथला रिवाज असा, ज्यानं त्यानं हवं ते थाळातून घ्यायचं. आणि चौघंही निघून गेले.

आजवर असं कधी घडलं नव्हतं. वाढायला कोणीतरी पगारी माणूस असायचा, म्हणून सगळं निभत होतं. आता ताटं रिकामी, समोर वाफाळतं वरण आणि वाढणारा नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नानांना रिकामं ताट बघवत नाही. ते उठले. डाव उचलला आणि ओळीनं वाढत निघाले. पोरांना दोन-दोन बट्ट्या, त्यावर वरण. मला "ताई, अजून एक," म्हणून तिसरी. नवऱ्याला विचारलंच नाही. हात लग्नातल्या वाढप्याचा, तो थांबतो कुठे? ओळीच्या टोकाला जिभाऊ बसले होते. त्यांच्या ताटात बट्टी पडली आणि तिच्यावर डावभर वरण पडलं.

मग जिभाऊंनी ताटावर हात आडवा धरला. पण वरण पडून गेलं होतं.

आम्हा सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. आपल्या हातानं वाढणारा तो यजमान. इतक्या वर्षांची काळजी, ती तिकिटं, ते वेगवेगळे डबे, सगळं एका डावानं वाहून गेलं. जिभाऊ उठले असते तर ही शेवटची पंगतही मोडली असती आणि पुन्हा कधी बसली नसती. नानांचा चेहरा मला बघवेना.

"चुकीसन पडनं, जिभाऊ," ते म्हणाले. मी त्यांना भावाशी थेट बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

शेजारच्या टेबलासाठी तुतारी वाजली आणि थांबली. मग जिभाऊंनी ताटावरचा हात काढला आणि मान वर करून विचारलं, "वाढपी जेवना का?"

पोरांना काही समजलं नाही. नानांना समजलं.

"नही," ते म्हणाले. "अजून नही जेवना."

जिभाऊंनी टेबलावर दोन्ही हात रोवले. नातू धरायला धावला, त्याला त्यांनी बाजूला केलं. एका पायावर भार देत ते उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून नानांकडे वळले आणि त्यांच्या हातातला डाव काढून घेतला.

"बस," ते म्हणाले. "मी बलावाले उनू. जरा उशीर व्हई गया."

नाना बसले. जिभाऊंनी त्यांच्या ताटात बट्टी ठेवली, स्वतःच्या हातानं चुरली, मधे आळं करून वरण ओतलं, वरून तूप. नाना खाली मान घालून जेवायला लागले. चवीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना ती कळलीच नसेल. ओळीत परकं माणूस म्हणून मला नेलं होतं, सगळ्यांनी नीट वागावं म्हणून, आणि सगळ्यांत आधी रडू मलाच फुटलं. माईनं मला आपला पदर दिला आणि मग तोच परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले. जिभाऊ मात्र डाव घेऊन उभेच होते. नानांनी तीनदा नको म्हटलं तरी चौथी बट्टी पडलीच. शेवटी फेटेवाला काय झालं ते बघायला आला. नाना भरल्या तोंडानं त्याला म्हणाले, "तू जेवना का?"

परतीला नंदुरबारहून बसनं निघालो. एरवी जिभाऊंचं कुटुंब प्रकाशाला उतरायचं आणि आम्ही पुढे शहाद्याला जायचो. त्या दिवशी नानांनी आम्हा सगळ्यांना प्रकाशाला उतरवलं आणि सामानसुमानासकट घाटावर नेलं. जिभाऊंना पायऱ्या उतरवेनात, ते वर थांबले. नाना धोतर सावरत पाण्यात शिरले, ओंजळ भरली आणि नदीशी बोलले, "माय, तुन्हं पानी तुले. मन्हीच जीभ घसरनी व्हती." ओंजळ त्यांनी सावकाश सोडली.

वरून जिभाऊंचा आवाज आला, "मन्हं बी देई दे."

नानांनी दुसरी ओंजळ भरली आणि तीही सोडली.

पोरं कुरकुरायला लागली होती. आता घरीच एकत्र जेवायचं म्हणजे पार्क बंद, हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं होतं. त्यांना गप्प करत आम्ही सगळे जिभाऊंच्या घरी गेलो. नाना उंबऱ्याशी क्षणभर थबकले आणि मग ओट्यावर टेकले. जिभाऊंची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दिराच्या हातात दिला. सगळे बघत होते. नानांनी तांब्या वर धरला, घटाघटा अर्धा संपवला, ओठ पुसले आणि विचारात पडले.

"भाभी," ते म्हणाले, "माठ जुना व्हई गया. पानी थंडं नही व्हत." आणि उरलेलं पाणी पिऊन त्यांनी रिकामा तांब्या पुन्हा भरायला पुढे केला.